सरकारे, मोठ्या बँका आणि क्रिप्टोचलन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आता तर अमेरिकेच्या सरकारनेही बिटकॉइन घेतले, मग आपणच कशाला मागे राहायचे?’ हा प्रश्न गेल्या काही काळात मी लग्नाच्या पंगतीपासून पतसंस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत अनेक ठिकाणी ऐकला आहे. विचारणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असतो. (बिटकॉइन हे सर्वांत परिचित क्रिप्टोचलन, म्हणजे कोणत्याही सरकारने वा बँकेने न काढलेले, संगणकांच्या जाळ्यावर चालणारे डिजिटल नाणे.) मात्र ‘घेतले’, ‘स्वीकारले’, ‘मान्यता दिली’, ‘परवानगी दिली’ ही क्रियापदे बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि कष्टाचे पैसे गमावण्याची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते. म्हणून पुढील उत्तरांत हे शब्द शक्य तितके वेगळे ठेवले आहेत.

सरकारने क्रिप्टोचलन ‘स्वीकारले’ म्हणजे नेमके काय केले?

या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे वैध चलनाचा दर्जा देणे, म्हणजे देणे फेडण्यासाठी ते पुढे केले तर समोरच्याला कायद्याने नाकारता येऊ नये अशी व्यवस्था करणे. दुसरी म्हणजे सरकारने स्वतःच्या तिजोरीत ते बाळगणे. तिसरी म्हणजे खरेदी-विक्रीला नियम आणि कर लावून ती चालू देणे, आणि चौथी म्हणजे त्यामागचे तंत्र उचलून स्वतःचे डिजिटल चलन काढणे. यांतली एक गोष्ट केली म्हणून बाकीच्या आपोआप होत नाहीत. भारताने तिसरी आणि चौथी केली आहे, पहिल्या दोन केलेल्या नाहीत. अमेरिकेने दुसरी आणि तिसरी केली, पण तिथेही केंद्र सरकारचा कर डॉलरमध्येच भरावा लागतो. ‘अमुक देशाने क्रिप्टो स्वीकारले’ अशी बातमी वाचली की यांपैकी नेमके काय झाले, हे आधी पाहावे.

बिटकॉइनला वैध चलन करणाऱ्या देशाचे पुढे काय झाले?

हा देश म्हणजे मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर. तिथे २००१ पासून अमेरिकी डॉलर हेच चलन आहे, म्हणजे सरकारच्या हाती स्वतःची नोट छापण्याचे साधन नाही. परदेशांत, मुख्यतः अमेरिकेत, राबणाऱ्या आप्तांनी पाठवलेला पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भरतो. तो पाठवताना दलाली जाते, बिटकॉइनने ती वाचेल, असा राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांचा मुख्य युक्तिवाद होता. आपल्याकडे आखातातून घरी पैसे पाठवणाऱ्या कुटुंबांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही, आणि हा युक्तिवाद मुळात चुकीचा होता असे मला वाटत नाही.

जून २०२१ मध्ये ८४ पैकी ६२ मतांनी कायदा संमत झाला आणि ७ सप्टेंबर २०२१ पासून तो लागू झाला. त्यातील सातव्या कलमानुसार प्रत्येक व्यापाऱ्याने, तांत्रिक साधन नसल्याचा अपवाद सोडता, बिटकॉइन घेणे बंधनकारक होते. सरकारने ‘चिवो’ नावाचे मोबाइल पाकीट काढले आणि ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलरचे बिटकॉइन भेट दिले. अंमलबजावणीच्या पहिल्याच दिवशी चिवोची यंत्रणा ताणाखाली काही काळ बंद ठेवावी लागली, आणि त्याच दिवशी बिटकॉइनचा भाव सुमारे ५२,००० डॉलरवरून बराच खाली घसरला. सकाळी ज्या दुकानदाराने माल विकून बिटकॉइन घेतले, त्याचा नफा संध्याकाळपर्यंत उरलाच असेल असे सांगता येत नव्हते. किराणा दुकानाचा नफा शेकडा पाच-सातावर चालतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दुकानदारांची नाखुषी कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

पुढे अर्थशास्त्रज्ञांनी घरोघरी केलेल्या पाहणीत असे आढळले की बहुसंख्य लोकांनी ३० डॉलर खर्च केल्यावर ते पाकीट पुन्हा वापरले नाही. परदेशातून येणाऱ्या पैशाचा फारच लहान भाग या मार्गाने आला. ज्वालामुखीच्या पायथ्याशी ‘बिटकॉइन शहर’ उभारण्यासाठी शंभर कोटी डॉलरचे रोखे काढण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली होती, परंतु ते रोखे बाजारात आलेच नाहीत. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १४० कोटी डॉलरच्या कर्जाची बोलणी ठरली, आणि त्या कराराला अनुसरून जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून बिटकॉइन घेणे ऐच्छिक केले गेले. कर भरण्यासाठी ते चालेनासे झाले.

हा प्रयोग संपूर्ण फसला असेही म्हणता येणार नाही. सरकारने साठवलेल्या बिटकॉइनचे मोल नंतरच्या भाववाढीत कागदोपत्री चांगलेच वाढले. तो गुंतवणुकीचा लाभ होता. लोकांनी मात्र रोजच्या व्यवहारात त्याला चलन म्हणून वापरले नाही, आणि कायदा तर चलनासाठी केला होता.

आणखी कोणत्या देशाने असे केले का?

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने एप्रिल २०२२ मध्ये केले आणि पुढच्याच वर्षी मागे घेतले. आपल्या शेजारच्या भूतानने वेगळी वाट धरली आहे. तिथल्या सरकारी गुंतवणूक कंपनीने जलविद्युतीवर संगणक चालवून बिटकॉइनचे ‘उत्खनन’ केले, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी पडताळून बदल्यात नवी नाणी मिळवली, आणि साठा उभा केला, पण बाजारातला व्यवहार मुख्यतः ङुल्ट्रम या तिथल्या चलनात चालतो. चीनने उलट सप्टेंबर २०२१ मध्ये सर्व क्रिप्टो व्यवहार बेकायदा ठरवले आणि स्वतःच्या डिजिटल युआनवर भर दिला.

अमेरिकेच्या सरकारने बिटकॉइन विकत घेतले, हे खरे आहे का?

‘विकत घेतले’ हा शब्द इथे चुकतो. ६ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ज्या आदेशावर सही केली, त्याने ‘सामरिक बिटकॉइन साठा’ निर्माण झाला, आणि त्यात गुन्ह्यांच्या तपासात जप्त होऊन सरकारजमा झालेले बिटकॉइन ठेवायचे ठरले. पूर्वी असा माल लिलावात विकला जात असे. आता तो विकायचा नाही, हा खरा बदल आहे. करदात्यावर बोजा न टाकता आणखी मिळवण्याचे मार्ग शोधावेत असे आदेशात म्हटले आहे, पण साठ्याचा पाया जप्तीच्या मालाचा आहे.

याच्या शेजारी जर्मनीचे उदाहरण ठेवून पाहावे. सॅक्सनी राज्याच्या तपासयंत्रणेकडे चित्रपटांच्या चोरट्या प्रक्षेपणाच्या एका प्रकरणातले जवळजवळ ५०,००० बिटकॉइन आले होते. भाव कोसळण्याचा धोका असलेली जप्त वस्तू तातडीने विकावी, या तिथल्या नियमानुसार जून-जुलै २०२४ मध्ये ते सगळे विकून सुमारे २६४ कोटी युरो उभे केले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्या अधिकाऱ्यांवर टीकेची झोड उठली. मला ती टीका अन्यायाची वाटते. पोलिसांच्या ताब्यातल्या वस्तूवर सरकारने भावाचा जुगार खेळू नये, हे तत्त्व भाव वर गेला म्हणून खोटे ठरत नाही.

मोठ्या बँका तर क्रिप्टोची टिंगल करत होत्या. त्या आता यात कशा?

ग्राहकांनी मागणी केली आणि नियम बदलले म्हणून. जेपी मॉर्गन या बड्या अमेरिकी बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनी २०१७ मध्ये बिटकॉइनला उघडपणे फसवणूक म्हटले होते. त्याच बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘जेपीएम कॉइन’ जाहीर केले. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो, प्रत्यक्षात नाही. जेपीएम कॉइन म्हणजे बँकेतल्या ठेवीचीच डिजिटल नोंद होती. मोठ्या कंपन्यांना रात्री-अपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशीही पैसे हलवता यावेत, यासाठी ती केली होती. बिटकॉइनसारखा तिचा भाव वर-खाली होत नाही.

खरे वळण १० जानेवारी २०२४ रोजी आले. अमेरिकेच्या रोखे नियामकाने त्या दिवशी प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणाऱ्या अकरा ईटीएफना, म्हणजे शेअरसारखे बाजारात विकत घेता येणाऱ्या निधींना, परवानगी दिली, त्यात ब्लॅकरॉक आणि फिडेलिटी या बड्या गुंतवणूक कंपन्यांच्या योजनाही होत्या. गुंतवणूकदाराला आता किल्ल्या, पासवर्ड, पाकीट यांची उस्तवार न करता नेहमीच्या डिमॅट खात्यासारख्या खात्यातून बिटकॉइनच्या भावावर पैसे लावता येऊ लागले. एक हिशेबी अडसर मात्र उरला होता. ग्राहकांचे क्रिप्टो सांभाळणाऱ्या बँकेने ते स्वतःच्या ताळेबंदात देणे म्हणून दाखवावे, असा निर्देश २०२२ पासून लागू होता. परक्याचे दागिने लॉकरमध्ये ठेवल्यावर ते बँकेच्याच कर्जात धरावेत, असा तो प्रकार होता. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला आणि बँकांना सांभाळणुकीचा, म्हणजे कस्टडीचा, धंदा परवडू लागला.

कस्टडी, निधी-व्यवस्थापन आणि दलाली या तिन्हींत बँकेला शुल्क मिळते. भाव वर जावो वा खाली, शुल्क ठरलेले असते. ‘मोठ्या बँकेचा विश्वास आहे’ असे कोणी म्हटले, तर बँकेने स्वतःचे किती पैसे त्यात घातले आहेत, असे विचारून पाहावे.

बँकेने स्वतःच्या पैशाने क्रिप्टो घेतले तर काय होते?

तिला ते फार महाग पडते. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बासेल समितीने डिसेंबर २०२२ मध्ये बिटकॉइनसारख्या मालमत्तांना १,२५० टक्के जोखीमभार सुचवला. आकडा विचित्र दिसतो, पण हिशेब सोपा आहे. मानांकन नसलेल्या कंपनीला १०० रुपये कर्ज दिले तर त्यावर साधारण १०० टक्के भार धरतात, आणि त्याच्या किमान ८ टक्के, म्हणजे ८ रुपये भांडवल बँकेला बाजूला ठेवावे लागते. बिटकॉइनचे १०० रुपये १,२५० धरले जातात, त्याचे ८ टक्के म्हणजे पुन्हा १०० रुपये. सगळी रक्कम बुडेल असे समजूनच ती घ्यायची. शिवाय अशा मालमत्ता बँकेच्या मूळ भांडवलाच्या एक टक्क्याच्या आत ठेवाव्यात असेही निकषात आहे. हे निकष आपोआप लागू होत नाहीत, प्रत्येक देशाला ते स्वीकारावे लागतात.

स्टेबलकॉइन म्हणजे काय, आणि सरकारांना त्यात रस का?

ज्या नाण्याची किंमत एखाद्या चलनाला, बहुधा एका डॉलरला, बांधलेली असते ते स्टेबलकॉइन. काढणारी कंपनी तितकेच डॉलर किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे राखीव ठेवते. १८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत ‘जीनियस’ कायद्यावर सही झाली आणि पूर्ण राखीव, दरमहा तपशील प्रसिद्ध करणे, आणि काढणाऱ्याने व्याज न देणे या अटी घातल्या गेल्या. राखीव निधी सरकारी रोख्यांत जात असल्याने अमेरिकेच्या कर्जाला आयते गिऱ्हाईक मिळते, हा सरकारच्या आवडीचा भाग आहे.

‘स्टेबल’ या शब्दावर मात्र विसंबू नये. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसी या प्रतिष्ठित स्टेबलकॉइनच्या राखीव निधीतले ३३० कोटी डॉलर तिथे अडकले होते. शनिवारी त्याचा भाव एका डॉलरवरून सुमारे ८७ सेंटपर्यंत आला. सरकारने त्या बँकेच्या सर्व ठेवींची हमी घेतल्यावरच तो सावरला. बिटकॉइनच्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या पहिल्या गठ्ठ्यात, ३ जानेवारी २००९ रोजी, बँकांना सरकारी मदत देण्यासंबंधीचा एका लंडनच्या दैनिकातला मथळा कोरलेला आहे. बँकांना पर्याय म्हणून जन्मलेल्या या जगातले सर्वांत भरवशाचे समजले जाणारे नाणे शेवटी बँकेच्या सरकारी हमीवरच तरले.

भारतात क्रिप्टोचलन कायदेशीर आहे का?

बाळगणे व खरेदी-विक्री करणे हा गुन्हा नाही. ते वैध चलन नाही, आणि त्यासाठी सर्वसमावेशक कायदाही झालेला नाही. इथवरचा प्रवास मात्र समजून घेण्यासारखा आहे.

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टो व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास मनाई केली. व्यापारावर थेट बंदी नव्हती, पण बँकेत खातेच नसेल तर एक्सचेंज, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री घडवणारी कंपनी, चालणार कशी? ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. या निकालाचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. रिझर्व्ह बँकेला असा अधिकारच नाही, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. बँकांचे प्रत्यक्ष काय नुकसान झाले हे दाखवता न आल्यामुळे हा उपाय प्रमाणाबाहेर ठरतो, असे म्हटले. त्यानंतरही काही बँका रद्द झालेल्या परिपत्रकाचा दाखला ग्राहकांना देत राहिल्या, तेव्हा मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच तसे करू नये असे कळवावे लागले. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्सचेंजना मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणे) प्रतिबंधक कायदा लागू झाला, त्यामुळे त्यांना केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते.

रिझर्व्ह बँकेची भूमिका सातत्याने विरोधाची राहिली आहे. तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये या चलनांमागे ट्युलिपच्या फुलाइतकेही मूल्य नाही, अशा आशयाचे विधान केले होते.

सरकार कर घेते, म्हणजे मान्यता दिलीच ना?

नाही. आयकर कायदा उत्पन्नाचा उगम कायदेशीर आहे का, हे पाहून कर लावत नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ हा शब्द वापरला, ‘चलन’ हा शब्द जाणीवपूर्वक टाळला.

कराचे स्वरूप पाहिले की सरकारचा कल स्पष्ट दिसतो. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, खरेदी किमतीशिवाय कोणताही खर्च वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरील विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. समजा एखाद्याने एका नाण्यात ५०,००० रुपये कमावले आणि त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात ५०,००० गमावले. त्याच्या हाती शून्य राहिले. तरीही त्याला कमावलेल्या ५०,००० वर १५,००० रुपये कर आणि ६०० रुपये उपकर, असे १५,६०० रुपये भरावे लागतात, कारण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विवरणपत्र भरताना हे कळून हबकलेले तरुण मी पाहिले आहेत. शेअरच्या तोट्याचा नियम इथेही असेल, असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

ई-रुपया हे सरकारी क्रिप्टो आहे का?

ई-रुपया हा रुपयाच आहे. तो रिझर्व्ह बँक काढते, तो वैध चलन आहे, आणि त्याचा भाव वाढण्याचा प्रश्नच येत नाही. घाऊक व्यवहारांसाठी १ नोव्हेंबर २०२२ रोजी आणि सर्वसामान्यांसाठी १ डिसेंबर २०२२ रोजी प्रायोगिक सुरुवात झाली. पहिल्या चार शहरांत मुंबई होती, आणि सुरुवातीला तो घेणाऱ्यांत रिझर्व्ह बँकेच्या फोर्टमधील मुख्यालयासमोर फळे विकणारा एक विक्रेताही होता. अ‍ॅप उघडले की खात्यातली शिल्लक दिसण्याऐवजी नोटा आणि नाणी दिसतात. पैसे देताना पाकिटातून काढावे तशा त्या निवडता येतात, आणि पाकिटातल्या नोटेप्रमाणे त्यावर व्याज मिळत नाही.

मार्च २०२५ अखेर चलनात १,०१६ कोटी रुपयांचे ई-रुपये होते. त्याच एका महिन्यात यूपीआयवर सुमारे २४.७७ लाख कोटी रुपयांचे व्यवहार झाले. ज्याच्या हातात यूपीआय आधीच आहे, त्याला ई-रुपयाची निकड जाणवत नाही, हे उघड आहे. इंटरनेट नसलेल्या भागांत तो चालला तर गोष्ट वेगळी होईल, आणि माझ्या मते त्याची खरी कसोटी तिथेच आहे.

सरकारी कामात ब्लॉकचेन वापरतात, ते वेगळे का?

होय. ब्लॉकचेन ही नोंदी ठेवण्याची पद्धत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदवून देण्याचा उपक्रम झाला. दाखला खरा आहे की बनावट, हे दूरच्या कार्यालयातही तपासता यावे, हा त्याचा उपयोग. अशा उपक्रमाची बातमी दाखवून कुणी नाणे विकायला आले, तर त्या दोहोंचा संबंध नाही हे ओळखावे.

एक्सचेंजवर ठेवलेल्या क्रिप्टोला बँकेच्या ठेवीसारखे संरक्षण आहे का?

नाही. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे, क्रिप्टोला एक रुपयाचाही नाही. (पतसंस्थेतल्या ठेवींनाही हा विमा नसतो, आणि ते आजही अनेकांना ठाऊक नसते.) १८ जुलै २०२४ रोजी मुंबईस्थित वझीरएक्स या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे क्रिप्टो चोरीला गेले. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला. ग्राहकांना मात्र दीर्घकाळ पैसे काढता आले नाहीत, आणि त्यांच्या नुकसानीला कोणत्याही सरकारी विम्याचा आधार नव्हता.

‘सरकारमान्य’ क्रिप्टो योजना कशी ओळखावी?

अशी योजना नाही. आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडची नोंदणी ही पैशाच्या मागावर नजर ठेवण्यासाठी आहे, ती योजनेच्या चांगुलपणाचा दाखला नव्हे. ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आमिष होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याचा तपास हाती घेतला, आणि राज्याराज्यांतले गुन्हे पुढे सीबीआयकडे गेले. त्यात पैसे घालणाऱ्यांना अनेकदा ओळखीच्याच माणसाने गळ घातली होती. म्हणून आणणारा कोण यापेक्षा तो काय आणतो ते पाहावे. ठरावीक परतावा, माणसे जोडल्यास कमिशन, आणि ‘अमेरिकेने मान्यता दिली’ हे वाक्य, यांतली दोन जरी एकत्र आली तरी तिथून उठावे.

फसवणूक झाली तर कुठे जावे?

सर्वांत आधी १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे बँकिंग साखळीत असेपर्यंतच ते गोठवण्याची शक्यता असते. एकदा त्यांचे क्रिप्टो होऊन परदेशी पाकिटात गेले की वसुली अत्यंत कठीण होते. त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवून जवळच्या पोलीस ठाण्यात तिची प्रत द्यावी. बँक खात्याचा उतारा, व्यवहार क्रमांक, पाकिटाचे पत्ते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण जसेच्या तसे जपून ठेवावे. संतापाच्या किंवा शरमेच्या भरात गट सोडून चॅट पुसणारे फार असतात, आणि तपास अधिकाऱ्याला नेमके तेच हवे असते. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असा फोन आला, तर तोही त्याच तक्रारीत नोंदवावा.